दहावा ठिपका

केमियार्वीत डिसेंबरात सूर्य रजेवर जातो.
तौनोमामा म्हणाला, बरंच झालं,
कॅमेऱ्याला उजेडाचं वावडं आहे.

सौनामागच्या खोलीत आम्ही ॲक्रिलिकची काच आडवी ठेवली,
खिडकीच्या तावदानाएवढी, दहा मिलिमीटर जाड.
तिच्या कडा मी पॉलिश पेपरने घासल्या,
आधी खरखरीत, मग मऊ, मग टूथपेस्ट लावून,
इतक्या की मामा कडेला डोळा लावून म्हणाला,
हं, आता आत शिरता येईल.

शिरायचं होतं उजेडाला,
तेही आपल्याला न दिसणाऱ्या.
टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तसले छत्तीस दिवे
कडेकडेने जोडले, बटण दाबलं,
आणि काहीच झालं नाही.
म्हणजे झालं ते असं, की
उजेड आत गेला आणि बाहेर पडेना.
वर तिरका आपटे, खाली वळे,
खाली आपटे, पुन्हा वर,
सरोवर गोठल्यावर बर्फाखाली मासा फिरतो तसा,
वर कोण चालतंय याची फिकीर नसलेला.

बोट टेकलं की मात्र.
बोट ओलसर, हवेहून दाट.
तेवढ्या जागी काचेला वाटतं, मी अजून संपले नाही,
आणि उजेड बेसावध बाहेर येतो,
कातडीला धडकून खाली सांडतो.
एवढंच. स्पर्श म्हणजे गळती.

तळाशी खोक्यात वेबकॅम, तोंड वर करून.
त्याच्या डोळ्यातली चकती मी चिमट्याने काढली.
तिच्या जागी हवा होता काळा पडदा,
दिसणारं अडवणारा, न दिसणारं सोडणारा.
मामाने ड्रॉवरमधून निगेटिव्ह काढली.
मामीच्या पन्नाशीला, बेटावर,
कॅमेऱ्याचं झाकण उघडलं होतं,
सगळा रोल उन्हाने खाल्ला.
"हा बघ केक," म्हणत
त्याने दोन काळे चौकोन कापून दिले.

मामाची बोटं आधी उमटेनात.
तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत, टोकं झाडाच्या सालीसारखी.
थुंकी लावली की उमटायची, वाळली की गेली.
मग सिलिकॉनचा पातळ थर दिला, श्वास रोखून,
वर प्रोजेक्टरचं चित्र धरायला
वेलदोड्याचे पाव भाजायचा कागद.

प्रोग्राम माझा.
तो रिकामं टेबल एकदा लक्षात ठेवतो,
पुढच्या प्रत्येक फोटोतून ते वजा करतो,
उरेल ते बोट.
ठिपक्याला नंबर देतो. सरकला तर तोच नंबर,
उचलला तर विसर.

मी दोन्ही हात टेकवले: दहा.
मामाने टेकवले: नऊ.
मी घाईने म्हणाले, थांब, सेटिंग बदलते.
नको, मामा म्हणाला. बरोबर मोजलंय.
मला माहीत होतं ना, लहानपणापासून.
त्या क्षणी विसरले होते.

जूनमध्ये सूर्य मावळेचना.
उन्हातही तोच न दिसणारा उजेड असतो,
टेबल वेडं झालं.
खोलीत कुणी नाही आणि पडद्यावर शेकडो बोटं,
जणू सगळं गाव जेवायला बसलंय.
खिडकीला घोंगड्या लावल्या, फॉइल, टेप.
शेवटी एक भोक उरलं, खिळ्याचं.

रात्री साडेबाराला मामाने हात टेकवले.
दहा.
दहावा करंगळीच्या जागी होता असं म्हणणं सोयीचं आहे.
खरं तर वीतभर दूर होता,
आणि इतका हळू सरकत होता
की नंबर बदलायची त्याला गरजच पडली नाही.

मी टेप फाडली.
थांब, मामा म्हणाला. काय नंबर दिलाय त्याला?
चारशे बारा.
चारशे बारा, तो म्हणाला,
आणि कॉफी ठेवायला उठला.
पडद्यावर एकच ठिपका राहिला.
टेप माझ्याच अंगठ्याला चिकटली होती.